सोडलेले ऋण

ख्रिस्ती घरातले मूल पहिल्यांदा जी प्रार्थना शिकते आणि मरणाऱ्याच्या उशाशी जी शेवटी म्हटली जाते, ती प्रभूची प्रार्थना तशी मोजक्या ओळींची. रोजची भाकर मागून झाली की तिच्यात लगेच क्षमेचे मागणे येते. मराठी बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानातून ही प्रार्थना वाचणारा तिथे एका शब्दापाशी थबकतो. त्या जागी पाप हा शब्द नाही, अपराधही नाही, ऋण आहे. जे आमचे देणे लागत होते त्यांना आम्ही सोडले, तसे तूही आम्हांला आमच्या देण्यातून सोड, असा त्या मागण्याचा भाव आहे. गुडघे टेकून, डोळे मिटून म्हणायच्या प्रार्थनेत सावकाराच्या वहीतला शब्द कशाला, असे अनेकांना वाटते. जुन्या भाषांतराचा तो अवघडपणा असावा, अशी समजूत करून घेऊन लोक पुढे जातात. माझ्या मते तो शब्द आहे तसाच राहायला हवा. ख्रिस्ती जीवनातली क्षमा म्हणजे काय आणि काय नव्हे, हे त्या एका शब्दाने सांगून टाकले आहे. क्षमेविषयीचे गैरसमज ख्रिस्ती नसलेल्यांत आहेत, तसे खुद्द ख्रिस्ती मंडळींतही आहेत, आणि त्यांतले बहुतेक हा शब्द विसरल्यामुळे झालेले आहेत.

येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात कर्जाला आणि पापाला एकच शब्द होता, ‘होबा’. मत्तयाने ती प्रार्थना ग्रीकमध्ये आणताना कर्जाचा अर्थ राखला. लूकने पहिल्या अर्ध्या भागात ‘पापे’ असे केले, पण दुसऱ्या अर्ध्या भागात त्यालाही देणेकरी टाळता आले नाहीत. मराठी माणसाला यात परके वाटण्याजोगे काही नाही. आपल्याकडेही कर्जाला माफी मिळते आणि गुन्ह्यालाही माफीच मिळते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण या कल्पना तर आपण जन्मासोबतच घेऊन येतो. फरक एवढाच की ती ऋणे फेडायची असतात आणि प्रार्थनेतले हे ऋण सुटायचे असते. ज्यू धर्मशास्त्रात या सुटण्याला कायद्याची बैठक होती. अनुवाद ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जे सोडण्याची आज्ञा आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, गहाण गेलेल्या जमिनी मूळ घराण्यांकडे परत द्यायला आणि कर्जापायी दास झालेल्यांना मोकळे करायला सांगितले आहे. शुभवर्तमानात पापांच्या क्षमेसाठी येणारा ‘आफेसिस’ हा ग्रीक शब्दही सुटकेचाच आहे. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून वाचतो, तेव्हा बंदिवानांच्या सुटकेसाठी हाच शब्द आला आहे. इसवी सन २००० च्या महोत्सवी वर्षात गरीब देशांच्या डोक्यावरची कर्जे रद्द करावीत म्हणून जगभरच्या चर्चेसनी मोहीम चालवली, तिच्या मुळाशी हाच जुना योबेल होता.

हिशेबाची ही भाषा येशूने सगळ्यांत पुढे नेली ती मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात. भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा पुरे का, असे पेत्र विचारतो. उत्तरात येशू सातावर सत्तराची पट चढवतो आणि गोष्ट सांगतो. एका राजाने आपल्या चाकरांचा हिशेब काढला. एकाकडे दहा हजार तलांत येणे निघाले. हा आकडा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. एक दिवसही सुट्टी न घेता आणि एक दिनारही न खाता राबला, तरी त्या चाकराला हे कर्ज फेडायला एक लाख चौसष्ट हजार वर्षे लागली असती. हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या प्रांतांतून मिळणारा वर्षाचा वसूल दोनशे तलांत होता, अशी नोंद योसेफस या इतिहासकाराने केली आहे. गालिलातल्या ज्या शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना ही गोष्ट सांगितली गेली, त्यांच्या मुलखाच्या पन्नास वर्षांच्या महसुलाएवढे कर्ज एका माणसाच्या डोक्यावर होते. राजाने ते सगळे सोडले. तो चाकर बाहेर पडला आणि त्याला सोबतचा एक चाकर भेटला, जो त्याचे शंभर दिनार देणे लागत होता. याने त्याची मानगूट धरली, त्याला तुरुंगात टाकले, आणि राजाने दिलेली सूट मग राजानेच काढून घेतली.

या दाखल्यावरच्या प्रवचनांत दहा हजार तलांतांवर भर असतो, शंभर दिनारांकडे कोणी फारसे पाहत नाही. पण शंभर दिनार म्हणजे मजुराची तीन महिन्यांहून जास्त दिवसांची कमाई. हातावर पोट असलेल्या माणसाला तीन महिन्यांची मजुरी बुडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. येशूने तिथे दोन-चार दिनार म्हटले नाही. तुझे फारसे काही बिघडलेले नाही, सोडून दे, असे तो सांगत नाही. तुझे खरेच नुकसान झाले आहे हे तो मान्य करतो, त्याची रक्कमही सांगतो, आणि मग ती सहा लाखांना एक या प्रमाणात दुसऱ्या एका रकमेशेजारी ठेवतो. याच अध्यायात दाखल्याच्या अलीकडे काय आहे, तेही पाहायला हवे. भावाने तुझा अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून त्याचा दोष दाखव. न ऐकल्यास दोघा-तिघांना साक्षीला घे. तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे मांड, असा क्रम तिथे घालून दिला आहे. आधी नोंद, मग सूट. जे कर्ज वहीत लिहिलेच नाही, ते माफ कसे करणार? झाले गेले गंगेला मिळाले असे म्हणून विषय मिटवणे हा व्यवहारी शहाणपणा असेल. त्याला ख्रिस्ती क्षमा म्हणता येणार नाही.

पण निव्वळ हिशेबाने कोणी कोणाला काही सोडत नाही. दाखल्यातल्या राजाने सूट दिली ती त्याला कळवळा आला म्हणून. इथे वापरलेले ग्रीक क्रियापद आतड्यांवरून बनलेले आहे, आणि बायबलच्या हिब्रू भागात दयेसाठी येणारा ‘रहमीम’ हा शब्द गर्भाशयाच्या शब्दाशी नाते सांगतो. एखाद्यासाठी आपले आतडे तुटते असे मराठीत म्हणतात, तेव्हा आपण शुभवर्तमानाच्या भाषेच्या अगदी जवळ असतो. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे काय ओढून घेऊन गेले, याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या आत्मनिवेदनात देऊन ठेवले आहे. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या धर्मभगिनींकडे होत्या. त्या भगिनींनी रमाबाईंना लंडनजवळच्या फुलहॅमला नेले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा होता आणि भगिनी त्यांची सेवा करत होत्या. अशा बायकांचीही कोणी सेवा करते, हे रमाबाईंना नवीन होते. हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. तत्त्वज्ञानाच्या वादात भल्याभल्या शास्त्र्यांना न हटणारी ही विदुषी त्या घराने हलली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८९९ मध्ये त्यांनी केडगावला मुक्तिसदनाच्या जोडीने अशाच स्त्रियांसाठी घर काढले, त्याचे नाव कृपासदन. दया ही मनात येऊन जाणारी लहर असती, तर तिला विटा, कौले आणि रोजचा शिधा लागला नसता.

क्षमेची कसोटी लागते ती मात्र नुकसान भरून येण्याजोगे नसते तेव्हा. भारतात अलीकडच्या काळात ही कसोटी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पार पडली ती ओडिशात. ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी १९६५ पासून मयूरभंज जिल्ह्यातल्या बारिपदा इथल्या कुष्ठाश्रमात काम करत होते. १९९९ च्या जानेवारीत २२ आणि २३ तारखेच्या मधल्या रात्री केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावात ते दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी या मुलांसह आपल्या मोटारीत झोपले होते. जमावाने मोटारीला आग लावली. तिघेही जळून गेले. ग्लॅडिस स्टेन्स आणि तेरा वर्षांची एस्थर तेवढ्या मागे उरल्या. मारणाऱ्यांबद्दल मनात कटुता नाही, त्यांना क्षमा केली आहे, असे ग्लॅडिस यांनी सांगितले आणि त्या देश सोडून गेल्या नाहीत. नवऱ्याने सांभाळलेले कुष्ठरोगी त्यांनी पुढे पाच वर्षे सांभाळले. २००४ मध्ये त्या ऑस्ट्रेलियाला परतल्या, २००५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

देशाने ग्लॅडिस यांच्या तोंडचा क्षमा हा शब्द ऐकला, पण त्या क्षमेची घडण किती जणांनी नीट पाहिली, याची मला शंका आहे. २००३ च्या सप्टेंबरात विशेष न्यायालयाने मुख्य आरोपी दारासिंग याला फाशी आणि इतर बाराजणांना जन्मठेप सुनावली. त्या वेळी ग्लॅडिस यांनी आपली क्षमा कायम असल्याचे सांगितले, आणि क्षमा व गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, असेही स्पष्ट केले. इथे बरेच लोक बुचकळ्यात पडतात. क्षमा केली आहे तर खटला कशाला, आणि खटला चालू द्यायचा असेल तर क्षमा कसली? ऋणाच्या भाषेत पाहिले तर कोडे उरत नाही. एका खुनाने दोन वह्यांत कर्ज लिहिले जाते. एक वही त्या बाईची, जिचा नवरा आणि मुले गेली. दुसरी कायद्याची, म्हणजे आपल्या सगळ्यांची. ग्लॅडिस यांनी आपल्या वहीतले येणे सोडले. शासनाच्या वहीला हात लावण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि तो त्यांनी घेतलाही नाही. २००५ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि बहुतेक सहआरोपींना सोडले. २१ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दारासिंगची जन्मठेप कायम केली. या निकालपत्रात धर्मांतराच्या संदर्भात काही ओळी होत्या. त्यांवर टीका झाली आणि न्यायालयाने चार दिवसांत त्या वगळल्या. कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या दुःखापुढे दोन ओळींचे काय? पण मेलेल्या माणसावरच खुनाच्या कारणाचा थोडा भार टाकणारी ओळ म्हणजे कर्जाची रक्कम कमी करून लिहिणे असते. क्षमा करणाऱ्याला खरी रक्कम लिहिली जाण्याचा हक्क असतो, किंबहुना त्यालाच तो सगळ्यांत जास्त असतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांची गोष्ट जुनी असली तरी तिचा सांधाही हाच आहे. १३ मे १९८१ रोजी सेंट पीटर चौकात मेहमेत अली आगचा याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९८३ च्या नाताळानंतर दोन दिवसांनी पोप रोमच्या तुरुंगात त्याच्या कोठडीत जाऊन त्याच्याशेजारी बसले. ते छायाचित्र जगभर गेले. पण आगचा त्या दिवशी पोपसोबत बाहेर आला नाही. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी पोपच्या इच्छेवरून त्याला माफी दिली ती २००० साली, एकोणीस वर्षांचा तुरुंगवास झाल्यावर.

यापेक्षा कठीण आक्षेप निराळा आहे. मेलेल्याच्या वतीने जिवंताने क्षमा कशी करावी? सायमन व्हिझेन्थाल यांनी ‘द सनफ्लॉवर’ या पुस्तकात आपल्या छळछावणीच्या दिवसांतला प्रसंग सांगितला आहे. मरणपंथाला लागलेल्या एका नाझी सैनिकाने एक ज्यू हवा म्हणून त्यांना खाटेजवळ बोलावून घेतले, ज्यूंना जाळल्याची कबुली दिली आणि क्षमा मागितली. व्हिझेन्थाल काही न बोलता बाहेर पडले. आपण चुकलो का, हा प्रश्न त्यांनी पुढे अनेक विचारवंतांना विचारला. त्यांचे मौन बरोबर होते, असे मला वाटते, आणि असे म्हटल्याने शुभवर्तमानाला धक्का लागत नाही. ते येणे व्हिझेन्थाल यांच्या वहीतले नव्हतेच. दक्षिण आफ्रिकेत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ मध्ये सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या. राजकीय हेतूने केलेला गुन्हा पूर्णपणे उघड करणाऱ्याला तिथे कायद्याची माफी मिळू शकत होती. पोलिसांच्या ताब्यात असताना मारले गेलेले नेते स्टीव्ह बिको यांचे कुटुंब या तरतुदीविरुद्ध घटना न्यायालयात गेले. आमच्या न्यायाचा हक्क सरकारने परस्पर सोडून देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते हरले. आयोगाकडे सात हजारांवर अर्ज आले, ८४९ जणांना माफी मिळाली. बिको प्रकरणातल्या पोलिसांना मात्र १९९९ मध्ये ती नाकारण्यात आली. टुटू यांच्याबद्दल मनात नितांत आदर ठेवूनही मला बिको कुटुंबाची बाजू खरी वाटते. देश सावरण्यासाठी शिक्षा माफ करणे शासनाला कधीकधी भाग पडत असेल. पण विधवेच्या वहीतली क्षमा विधवेखेरीज कोणी लिहू शकत नाही, आणि तिने ती लिहिली नाही म्हणून तिला कोणी कमी लेखू नये.

चर्चच्या आत क्षमेचा जो गैरवापर झाला, तो याच ठिकाणी. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार २००२ पासून बोस्टनमध्ये आणि मग देशोदेशी बाहेर आले, तेव्हा एक रीत पुन्हा पुन्हा दिसली. गुन्हेगाराला पश्चात्ताप झाला आहे असे मानून त्याला दुसऱ्या धर्मग्रामात पाठवायचे आणि घरच्यांना क्षमेचा उपदेश करून गप्प बसवायचे. मारकुट्या नवऱ्याच्या बायकोला येशूनेही सोसले, तूही सोस, असे सांगून परत पाठवणारे आपल्या आसपासही असतात. क्षमेची शिकवण माणसाला दुबळे करते आणि अत्याचाऱ्याला मोकळे रान देते, हा आक्षेप अशा अनुभवांतून आला आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण असा उपदेश करणारा नेमके काय करत असतो? दुसऱ्याच्या वहीतले कर्ज तो आपल्या सहीने माफ करत असतो. कॅथलिक परंपरेतल्या पापनिवेदनाच्या संस्काराची रचना तपासली तरी या वागण्याला तिच्यात आधार सापडत नाही. त्यात खरा पश्चात्ताप लागतो, पापाचा स्पष्ट उच्चार लागतो, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय लागतो, आणि पापमुक्तीचे शब्द ऐकल्यावरही प्रायश्चित्त आणि भरपाई शिल्लक राहते. चोरी केलेल्याने चोरीचा माल ठेवून घेऊन क्षमा मागायची सोय तिथे नाही. यरीहोचा जकातदार जक्कय उंबराच्या झाडावरून खाली उतरला आणि येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा जक्कय नुसता रडला नाही. निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो, असे त्याने उभे राहून जाहीर केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नियम करून अत्याचाराची माहिती चर्चच्या वरिष्ठांना कळवणे धर्मगुरूंवर आणि धर्मभगिनींवर बंधनकारक केले. हे फार आधी व्हायला हवे होते. ज्या मुलांच्या वेळी ते झाले नाही, त्यांचे चर्चवरचे येणे अजून फिटलेले नाही.

आपल्याकडच्या वाचकाच्या मनात आणखी एक शंका असते आणि ती तत्त्वाची आहे. पेरावे तसे उगवते. कर्माचे फळ भोगल्यावाचून सुटत नाही. मग कोणी क्षमा केली म्हणून केलेले कर्म पुसले कसे जाईल? या शंकेला ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर पुष्कळांना वाटते तितके सोपे किंवा भाबडे नाही. कर्ज पुसले जाते, असे ती म्हणतच नाही. कर्ज सोडणाऱ्या सावकाराचे पैसे बुडतात. रक्कम हवेत विरत नाही. देणेकऱ्याच्या खात्यातून निघून ती सोडणाऱ्याच्या खात्यात तोटा म्हणून उतरते. क्रूस हा ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने देवाने आपल्या वहीत लिहून घेतलेला तोटा आहे. हे मानायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण माणसामाणसांतली क्षमा अशीच चालते, हे कोणालाही तपासून पाहता येईल. ज्याने क्षमा केली त्याच्या घरातली रिकामी खुर्ची रिकामीच राहते. सूड घेतला असता तर ती भरली असती असे नाही, पण दुसऱ्याच्या घरातही एक खुर्ची रिकामी झाली असती. क्षमा करणारा ही साखळी स्वतःच्या दारात तोडतो आणि तिचा खर्च आपल्या अंगावर घेतो. २००६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात निकेल माइन्स इथे आमिश या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत एका बंदूकधाऱ्याने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच दगावल्या. त्याने शेवटी स्वतःलाही संपवले. मुलींना पुरून आलेले आमिश लोक त्याच्या अंत्यविधीला गेले, त्याच्या विधवेला भेटले, तिला पैशाचीही मदत केली. त्या मुलींच्या आयांचे दुःख त्यामुळे कमी झाले असेल असे मला वाटत नाही. पण त्या विधवेच्या मुलांना त्याच गावात तोंड वर करून चालता आले असेल.

शेवटी मध्य प्रदेशातली एक हकिकत. तिच्यात ऋण हा शब्द नुसती उपमा राहत नाही. सिस्टर राणी मारिया या केरळच्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर परिसरात त्या भूमिहीन आदिवासींमध्ये काम करत होत्या. तिथली घरेच्या घरे सावकारांच्या व्याजात अडकलेली होती. राणी मारियांनी लोकांना बचतीला लावले, बँकेचे दार दाखवले, सरकारी योजनांतला हक्क मागायला शिकवले. सावकाराच्या कर्जावाचून पेरणी होऊ लागली, तसे ज्यांचे उत्पन्न बुडाले त्यांच्या डोळ्यांत त्या खुपू लागल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरला निघाल्या होत्या. त्यांना मारण्याचे काम समंदरसिंग नावाच्या तरुणाला सोपवलेले होते. त्याने त्यांच्यावर बसमध्येच सुरीने वार केले आणि बाहेर ओढून आणल्यावरही वार चालूच ठेवले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. त्या ४१ वर्षांच्या होत्या.

समंदरसिंगला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल हीदेखील त्याच संघाची धर्मभगिनी. २००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने बहिणीच्या खुन्याच्या मनगटाला राखी बांधली. ही काही केरळहून आणलेली रीत नव्हती. राखी हा त्या मुलखातल्या लोकांचा धागा; त्याचा अर्थ समंदरसिंगला कोणी समजावून सांगावा लागला नसणार. बांधणारी बहीण होते आणि बांधून घेणाऱ्यावर तिच्या रक्षणाचे ऋण चढते. जुने देणे सोडताना सेल्मी पॉल यांनी त्याच्या हाताला नवे देणे बांधले, आणि ते त्याला फेडता येण्याजोगे होते. पुढे राणी मारियांच्या आईनेही त्याची भेट घेतली. त्याला सोडावे म्हणून कुटुंबाने आणि धर्मभगिनींनी शासनाकडे विनंती केली. शासनाच्या वहीवर सही शासनाचीच झाली, आणि तो २००६ मध्ये, अकरा वर्षांची शिक्षा भोगून, बाहेर आला.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये हजारो लोकांसमोर राणी मारियांना ‘धन्य’ म्हणून घोषित करण्यात आले. त्या गर्दीत समंदरसिंग हजर होता.